धर्मावाचून समाजाचे भले होईल का?

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या महिन्यात मोठा वाद झाला. एका सदस्यांचे म्हणणे असे की, स्वीडन-डेन्मार्कमध्ये रविवारी चर्च ओस पडलेली असतात, तरी ते देश जगात सर्वांत सुखी समजले जातात; म्हणजे धर्माची गरज संपली. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, रशियाने धर्म बुडवायला घेतला आणि शेवटी रशियाच बुडाला. दोघेही हट्टाला पेटले आणि चहा निवून गेला. धर्मावाचून समाजाची भरभराट होऊ शकते का, याचे सरळ उत्तर द्यावे.
– एक निवृत्त मुख्याध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सरळ उत्तर मागितले आहेत म्हणून आधी तेच देतो : होऊ शकते. मात्र धर्म जी कामे आजवर करत आला, ती दुसऱ्या कोणी तरी अंगावर घेतली असतील तरच. ती कामे कोणती, याचा हिशेब तुमच्या संघातल्या दोघाही सदस्यांनी मांडलेला दिसत नाही, म्हणून चहा निवला.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. मराठीत ‘धर्म’ हा शब्द फार ऐसपैस आहे. शेजारधर्म, राजधर्म, पुत्रधर्म असे आपण सहज म्हणतो. दारावर आलेला याचक ‘धर्म करा’ एवढेच म्हणतो आणि आपल्याला सगळे कळते. ‘धारणाद्धर्ममित्याहुः’ हे महाभारतातले वचन एखाद्याने वादात काढले की वाद तिथेच संपतो, कारण समाजाला धरून ठेवतो तो धर्म अशी व्याख्या एकदा मान्य केल्यावर ‘धर्मावाचून समाज’ हा शब्दप्रयोगच वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा, ठरतो. अशा तऱ्हेने जिंकलेल्या वादाने कोणाचे ज्ञान वाढत नाही. तुमच्या सदस्यांच्या मनात अर्थातच दुसरा अर्थ होता : देव किंवा देवासारखे काही मानणे, त्याची उपासना, पवित्र ग्रंथ, ते सांगणारा अधिकारी वर्ग, सणवार आणि जन्मापासून मरणापर्यंतचे संस्कार. मीही पुढे याच अर्थाने लिहितो.

आता स्वीडन-डेन्मार्क. स्वीडनमध्ये राज्यसंस्था आणि चर्च यांची फारकत झाली ती २००० साली, म्हणजे अगदी काल-परवा. आजही निम्म्याच्या आसपास स्वीडिश लोक त्या चर्चचे सभासद आहेत. डेन्मार्कमध्ये हे प्रमाण सुमारे ७० टक्के असून सभासद त्यासाठी वेगळा कर भरतात. रविवारी प्रार्थनेला न जाणारी ही माणसे मुलांचे बारसे पुष्कळदा आणि आईवडिलांचा अंत्यविधी बहुधा चर्चमध्येच करतात. आणखी मागे गेले, तर स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चविषयक कायद्यानंतर पाद्री घरोघर जाऊन माणसांना धर्मग्रंथ वाचता येतो की नाही, हे तपासू लागले. शाळांचे जाळे विणले जाण्याच्या कितीतरी आधी तिथली शेतकरी कुटुंबे वाचू लागली होती, ती या तपासणीच्या धाकाने. तेव्हा हे देश धर्मावाचून उभे राहिले असे म्हणणे म्हणजे आजोबांनी बांधलेल्या वाड्यात राहून आपल्याला आजोबाच नव्हते असे सांगण्यासारखे आहे. इतके मात्र खरे की, त्या वाड्यात आता आजोबांचा हुकूम चालत नाही आणि तरीही घर नीट चालले आहे. तुमच्या पहिल्या सदस्यांचा मुद्दा एवढ्यापुरता पक्का आहे.

दुसऱ्या सदस्यांना मी रशियापेक्षा अल्बानियाचे उदाहरण देईन. १९६७ साली तिथल्या राजवटीने देशातल्या सगळ्या मशिदी आणि चर्च बंद केली आणि आपण जगातले पहिले नास्तिक राष्ट्र असल्याचे जाहीर केले. हा प्रकार १९९० पर्यंत चालला आणि त्या सबंध काळात अल्बानिया युरोपातला एक अत्यंत गरीब देश राहिला. मात्र ज्या राजवटीने प्रार्थनास्थळे बंद केली, तिनेच परदेशी जाणे, स्वतंत्र व्यापार आणि मोकळेपणाने बोलणे हेही बंद केले होते, आणि एकाच वेळी चार दारे लावून घेतलेल्या घरात गुदमरायला झाले, तर त्यातल्या एकाच दारावर खापर फोडणे बरोबर नाही. रशियाचेही तेच. शिवाय तिथे १९२४ साली लेनिनचा देह मसाला भरून मॉस्कोच्या लाल चौकात दर्शनासाठी ठेवला गेला आणि पिढ्यानपिढ्या लोक थंडीत रांगा लावून तो पाहत राहिले. ज्यांनी देव्हारा काढला, त्यांनाही त्या कोनाड्यात काहीतरी ठेवावेसे वाटले, ही गोष्ट मला रशियाच्या दिवाळखोरीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत एक क्रम दाखवून दिला आहे. म्हातारपणी पेन्शन मिळते, आजारपणात कर्ज काढावे लागत नाही, जन्मलेले मूल बहुधा जगते, अशी खात्री ज्या समाजांना आली, तिथे पुढच्या एक-दोन पिढ्यांत प्रार्थनास्थळांतली गर्दी ओसरत गेली. म्हणजे आधी सुरक्षितता आली आणि मग धर्म सैल झाला. धर्म सोडला म्हणून सुरक्षितता आली, असे नव्हे. आयर्लंड हे याचे अलीकडचे उदाहरण. अर्थात हाही नियम सर्वत्र लागू पडत नाही. अमेरिका श्रीमंत असूनही दीर्घकाळ धार्मिक राहिली, आणि आखाती देशांची संपत्ती जमिनीखालच्या तेलातून आल्यामुळे तिचा श्रद्धेशी किंवा अश्रद्धेशी कसलाच संबंध जोडता येत नाही. जपानात तर ‘तुमचा धर्म कोणता?’ असे विचारल्यावर असंख्य लोक ‘कोणताच नाही’ म्हणतात, नववर्षाच्या पहिल्या दिवशी शिंतो मंदिरासमोर रांगेत उभे राहतात आणि घरात कोणी गेले की बौद्ध भिक्षूला बोलावतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही. खरे सांगायचे तर आपल्यालाही ती फारशी वाटू नये, कारण आपल्यातले निम्मे लोक असेच वागतात. फक्त विचारल्यावर उत्तर वेगळे देतात.

आता कामांचा हिशेब. तो परदेशात शोधायला नको, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावच्या दूध संस्थेत सकाळी सहा वाजता जाऊन उभे राहिले तरी पुरे. भिंतीवर ज्योतिबाचा नाहीतर अंबाबाईचा फोटो, त्याला कालचा हार, उदबत्तीचा वास. खाली टेबलावर दुधातले फॅट मोजायचे यंत्र. बायामाणसे किटल्या घेऊन रांगेत उभी असतात, सचिव वाटीभर नमुना घेतो, यंत्रावर आकडा उमटतो आणि तो पुस्तकात लिहिला जातो. रांगेत मराठा आहे, धनगर आहे, जैन आहे, मुसलमान आहे, बौद्ध आहे. आकडा प्रत्येकाला सारखाच लागू. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला, त्याआधी दूध गवळ्याच्या मापाने मोजले जाई आणि माप त्याचे असल्यामुळे इमानही त्याच्यावरच सोपवावे लागे. आज फोटो काढला तर दोन-चार म्हातारी माणसे रागावतील आणि संकलन मात्र चालू राहील. यंत्र काढले तर दुसऱ्या दिवशी मारामारी होईल. अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा, हे काम पूर्वी देवाच्या शपथेने व्हायचे. ते आता यंत्राने, हिशेबाच्या पुस्तकाने आणि लेखापरीक्षकाने उचललेले आहे. भरभराट म्हणून आपण जे म्हणतो, त्यातला मोठा भाग या विश्वासावर उभा असतो.

पण त्याच संस्थेत दुधाचा फरक, म्हणजे दरातल्या फरकाची सभासदांना मिळणारी जादा रक्कम, केव्हा वाटायचा? दिवाळीच्या आधी. तो मार्चअखेरीस वाटला, तर हिशेबाच्या दृष्टीने काहीही बिघडणार नाही. तरीही तसा ठराव मांडायची हिंमत कोणताही अध्यक्ष करणार नाही, कारण तो पैसा घरात येण्याची एक वेळ ठरलेली आहे आणि ती वेळ पंचांगाने ठरवली आहे. माणसांना एकाच वेळी एकत्र आणणे, एकाच वेळी आनंद करायला लावणे आणि एकाच वेळी हात सैल सोडायला लावणे हे धर्माचे दुसरे काम. ते उचलायला यंत्र पुरे पडत नाही.

तिसरे काम संकटातले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेले. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्या दिवसांत माणसांना आसरा मठांनी दिला, मशिदींनी दिला, मंगल कार्यालयांनी दिला आणि महापालिकेच्या शाळांनीही दिला. भाकरी बांधून देणाऱ्या हातांनी, खाणारा कोण हे विचारले नाही. ज्याच्याकडे मोठे स्वयंपाकघर, मोठी भांडी आणि एका हाकेला गोळा होणारी पोरे होती, त्याने काम केले. आणि अशी जय्यत तयारी सरकारी खात्यांपेक्षा आपल्याकडच्या धार्मिक संस्थांत आणि तालीम मंडळांत अधिक आहे, हे नास्तिक माणसानेही मोकळेपणाने मान्य करावे. त्याच वेळी हेही मान्य करावे लागेल की, आषाढात आपण वाजतगाजत, पी-ढबाक वाद्यांच्या तालावर नदीचे नवे पाणी टेंबलाई देवीला वाहतो, आणि त्याच नदीच्या पूररेषेत भराव टाकून इमारतीही उभ्या करतो. भक्ती मनापासून असते, पण निळ्या आणि लाल पूररेषांचा नकाशा ती वाचत नाही. तो वाचण्याचे काम श्रद्धेने कधी केले नव्हते आणि पुढेही करणार नाही; तिथे नगररचना खातेच लागते, आणि त्या खात्याला न घाबरणारा बिल्डर देवालाही घाबरत नाही असा अनुभव आहे.

तेव्हा तुमच्या संघात पुढच्या वेळी वाद निघाला, तर ‘धर्म हवा की नको’ असे न विचारता ‘यातले कोणते काम सध्या कोण करते आहे आणि ते नीट होते आहे का’ असे विचारून पाहा. वाद मिटणार नाही, पण दोघांनाही काहीतरी मोजावे लागेल.

प्रश्न : माझी दोन मुले शाळेत आहेत. त्यांचे वडील देव मानत नाहीत, मी मानते. ‘देव बघतो आहे’ असे सांगितल्याशिवाय मुले खोटे बोलायची थांबत नाहीत, असा माझा अनुभव आहे. देवाची भीती गेली तर समाजात नीती राहील का?
– एक गृहिणी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, हा प्रश्न फार जुना आहे आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात निघाला, तसाच युरोपातल्या विद्वानांतही निघाला होता. १६८२ मध्ये पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने लिहिले की, नास्तिकांचा समाजसुद्धा नीतीने राहू शकेल, कारण माणसे प्रत्यक्षात परलोकाच्या भीतीने वागत नसून लाज, सवय, कायदा आणि चारचौघांतले नाव यांच्या धाकाने वागतात. त्या काळी हे म्हणणे धाडसाचे होते. आज ते आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे : दुधात पाणी घालणारा माणूस ज्योतिबाच्या यात्रेला जात नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का?

आपल्याकडचे उदाहरण आगरकरांचे. १८८२ साली कोल्हापूरच्या दिवाणांविषयी केसरी आणि मराठा या पत्रांत आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि टिळकांबरोबर आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे आपल्या या शहराशीही त्यांचा असा एक संबंध आहे. आगरकर देव मानत नव्हते. पुढे त्यांची मते न पटणाऱ्यांनी पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळत असताना पोटापुरत्या पैशावर समाधान मानून लोकांसाठी झटायचे, हे त्यांनी आईला पत्राने कळवले होते आणि ते १८९५ मध्ये वारले तोवर तसेच वागले. ते गेले तेव्हा चाळिशीही आली नव्हती. त्या माणसाच्या नीतीला कोणत्या देवाची भीती होती? आणि त्याची प्रेतयात्रा काढणारे तर सगळे आस्तिकच होते.

याचा अर्थ तुमचे वाक्य निकामी आहे, असा मात्र मी काढणार नाही. लहान मुलाला ‘कोणीतरी बघते आहे’ ही कल्पना समजते. ‘समाजातला परस्परविश्वास’ ही समजत नाही. धोका एकच आहे. पंधराव्या वर्षी त्याला वडिलांचे म्हणणे पटले आणि देव बघत नाही असे वाटू लागले, तर त्या दिवशी खोटे न बोलण्याचे कारणही त्याच्या हातून सुटू नये. म्हणून ‘देव बघतो’ याच्या जोडीला ‘तू खोटे सांगितलेस म्हणून आजी दोन तास दारात उभी राहिली’ हेही सांगत जा. ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’ असे तुकोबा म्हणतात, त्यातली पीडा मुलाला डोळ्यांनी पाहता येते. ते वचन तुम्हा दोघांनाही मान्य होईल, असे मला वाटते. निदान घरात तेवढ्यापुरते तरी भांडण राहणार नाही.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेतो. कोल्हापूरची प्रगती शाहू महाराजांनी धर्माला बाजूला सारल्यामुळे झाली, असे मी एका चर्चेत म्हणालो, तर मित्रांनी मला खोडून काढले. माझे काय चुकले?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे निदान बरोबर आहे, पण शब्द चुकला. महाराजांनी धर्म बाजूला सारला नाही. धर्माच्या नावाने अडवून धरलेली दारे उघडली. या दोन गोष्टींत फार अंतर आहे आणि सगळा धडा त्या अंतरात आहे.

एकोणिसावे शतक संपता संपता पंचगंगेच्या घाटावर, कार्तिकस्नानाच्या वेळी, आपल्यासाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हटले जात आहेत, हे महाराजांच्या लक्षात आले. राजा असूनही शूद्र, असा त्याचा अर्थ होता. एखादा चिडलेला तरुण संस्थानिक अशा वेळी धर्मच सोडून देता. महाराजांनी पुरोहितांची इनामे जप्त केली, वर्षानुवर्षे तो लढा लढवला, आणि अखेर १९२० साली क्षात्रजगद्गुरूचे, म्हणजे क्षत्रियांच्या स्वतंत्र धर्मगुरूचे, वेगळे पीठ उभे केले. म्हणजे पौरोहित्य रद्द न करता त्याची मक्तेदारी मोडली. सत्यशोधक समाजाला त्यांनी आश्रय दिला, त्या समाजाचे संस्थापक जोतीराव फुलेही निर्मिकाला, म्हणजे सृष्टिकर्त्याला, मानणारे होते, आणि महाराजांचा ओढा पुढे आर्य समाजाकडेही होता. नास्तिकतेच्या खात्यात त्यांना जमा करता येत नाही.

आता त्यांनी उघडलेली दारे पाहा. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसवले आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले केले. वाचन, पाणी, औषध आणि नोकरी : या चारही गोष्टींवर ‘शास्त्रात सांगितले आहे’ असा पहारा होता आणि तोच उठवला गेला. गावातल्या निम्म्या हातांना काम शिकायलाच बंदी असेल, तर ते गाव कसे पिकणार? भोगावतीवरच्या राधानगरी धरणाइतकाच कोल्हापूरच्या समृद्धीचा हा दुसरा बंधारा समजा. फरक असा की, या ठिकाणी पाणी अडवण्याऐवजी अडलेले सोडायचे होते.

आणि एक गंमत पाहा, जी तुमच्या मित्रांनाही सांगा. ज्या वसतिगृहांमुळे हे शहर विद्यार्थ्यांचे झाले, ती महाराजांनी जातिधर्माच्या नावानेच काढली : १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, शिवाय जैन, लिंगायत अशी कितीतरी. भेद मोडू पाहणाऱ्या माणसाने असे का करावे? कारण खेड्यातला बाप पोराला अनोळखी शहरात ठेवायला धजत नव्हता. आपल्या माणसांत राहील म्हटल्यावर धजला. जुन्या विश्वासाची शिडी करून पोरगा वर्गापर्यंत आणला आणि वर्गात सगळ्यांना एका बाकावर बसवले. मला ही चाल आजही थक्क करते. तिची किंमतही होती, आणि ती आपण चुकवतो आहोत : शिडी म्हणून दिलेली जातीची पाटी पुढे मतदारसंघाची पाटी झाली. त्याचा दोष मी महाराजांना देणार नाही, १९२२ साली ते अकाली गेले; शिडी वेळेत काढून ठेवायचे काम नंतरच्यांचे होते.

याच प्रश्नाला लागून बाबासाहेब आंबेडकरांचा विचार करा. माणगावच्या १९२० च्या अस्पृश्य परिषदेत महाराजांनी ज्यांचे जाहीर कौतुक केले, त्या बाबासाहेबांनी पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जन्माने मिळालेल्या धर्माने ज्यांना पाण्यापासूनही दूर ठेवले होते, त्यांना धर्मच नको असे सांगणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. देव आणि आत्मा दोन्ही वगळून, इतर धर्मांत ईश्वराला असलेले स्थान त्यांनी नीतीला दिले. केवळ कायद्याने समाज टिकत नाही, माणसांनी एकमेकांना बंधू मानावे यासाठी मनाला बांधणारे काहीतरी लागते, अशी त्यांची धारणा होती. तुमचा पुढचा वाद शाहू महाराजांऐवजी इथून सुरू करा, अधिक रंगेल. कारण देव नसलेल्या धर्माला धर्म म्हणायचे की नाही, यावर तुमचे मित्र आपापसांतच भांडतील.

प्रश्न : नास्तिकता हाही एक धर्मच नाही का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. सूत न विणणे हा यंत्रमागाचा धंदा नव्हे, हे इचलकरंजीकरांना मी काय सांगावे? मात्र नास्तिकांची संघटना झाली, तिचे वार्षिक मेळावे, ठरलेली भाषणे, हारतुरे आणि दोन गट झाले की ती धर्मासारखी दिसू लागते. तो गुण संघटनेचा असतो.

प्रश्न : माझे वडील आजारी आहेत आणि त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, माझ्यामागे कोणतेही धार्मिक विधी करू नका. आम्हा भावंडांना त्यांचा शब्द पाळायचा आहे, पण आई आणि आत्या खचून जातील अशी भीती वाटते. भावकीही नावे ठेवील. विधीवाचून माणसाला निरोप देता येतो का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : तुमचा प्रश्न पहिल्या प्रश्नाचेच धाकटे भावंड आहे, आणि खरे तर तोच अवघड आहे. वडिलांची प्रकृती सुधारावी, ही इच्छा आधी व्यक्त करतो.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे. माझे वडील गेले तेव्हा मी तिशीतला होतो, तत्त्वाचा पक्का होतो, आणि मी रक्षाविसर्जनाची वेळ वर्तमानपत्रात दिली नाही. विधीच करायचे नव्हते, मग वेळ कशाची द्यायची, असा माझा बिनतोड युक्तिवाद. परिणाम असा झाला की, लोकांना यायचे केव्हा हेच कळेना. एकेकटे, अवेळी, पंधरा दिवस माणसे येत राहिली आणि आईला प्रत्येकासमोर तीच हकीकत पहिल्यापासून सांगावी लागली. ‘रक्षाविसर्जन रविवारी सकाळी ९ वाजता, पंचगंगा घाट’ ही एक ओळ छापली असती, तर दोनशे माणसे एकदम आली असती, आईभोवती तासभर उभी राहिली असती आणि तिचे सांगणे एकदाच झाले असते. विधीतला मंत्र मी वगळला ते ठीक. पण मंत्राबरोबर वेळ, जागा आणि माणसेही वगळली, तो अडाणीपणा होता.

जर्मनीच्या पूर्व भागात साम्यवादी राजवटीने चर्चमधल्या दृढीकरणाच्या, म्हणजे वयात येणाऱ्या मुलाची श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या, जागी चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक ऐहिक समारंभ रुजवला. राजवट गेली, भिंत पडली, तरी अनेक कुटुंबे तो समारंभ आजही करतात, कारण मूल मोठे झाले हे चारचौघांत सांगायला एक दिवस हवाच असतो. मरणाचेही तसेच आहे.

तुम्हाला कोल्हापुरात एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग करा. महापालिका पंचगंगेच्या स्मशानभूमीत मोफत अंत्यसंस्कार करते, आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी (गोवऱ्या) मोठ्या प्रमाणावर लोक दान करतात. होळीच्या सुमारास पाहा : तालमीची पोरे होळी लहान करून वाचवलेल्या शेणी ट्रॅक्टर-ट्रॉलीत रचून आणतात, पांढऱ्या कपड्यांतली चार वडीलधारी माणसे पुढे असतात, आणि स्मशानात त्या मोजून उतरवल्या जातात. ज्याच्या चितेला त्या लागणार, तो कोणत्या जातीचा आणि देव मानणारा होता की नाही, हे देणाऱ्याला ठाऊक नसते. काम महापालिकेचे, मुहूर्त होळीचा. तुमच्या वडिलांना धार्मिक विधी नको आहेत, पण अशा शेणींना त्यांची हरकत असेल असे मला वाटत नाही. त्यांनाच विचारून घ्या. बोलता येते आहे तोवर विचारणे चांगले. त्यांच्या नावाने काही शेणी तुम्ही भावंडांनी स्वतः नेऊन देण्याची कल्पनाही त्यांना सांगून पाहा.

पुढचे व्यवहाराचे. वर्तमानपत्रात वेळ आणि जागा अवश्य द्या, आणि ‘त्यांच्या इच्छेनुसार धार्मिक विधी होणार नाहीत’ हे वाक्य त्याच मजकुरात छापा, म्हणजे भावकीला घाटावर येऊन चकित व्हायला नको. नावे ठेवायची ती आधीच ठेवून होतील. रक्षा नदीत न सोडता शेताच्या बांधावर झाडाच्या आळ्यात घालण्याची रीत आता आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत पडली आहे, तेव्हा तीही कोणाला नवी वाटणार नाही. जमलेल्या लोकांसमोर एकाने, शक्यतो वडिलांबरोबर काम केलेल्या माणसाने, पाच मिनिटे बोलावे. दहा नको, आपल्याकडे श्रद्धांजलीची सभा फार लवकर निवडणुकीच्या सभेसारखी होते.

आईशी आणि आत्याशी मात्र आधी बोला, आणि ते वडिलांच्या समोर. शब्द वडिलांचा आहे, तो त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या. एवढे करूनही आत्याने पदराखाली झाकून भाताचा नैवेद्य आणला आणि एका बाजूला पानावर ठेवला, तर तिला अडवू नका. विधी तुम्ही करायचा नाही, असे वडिलांनी सांगितले आहे. बहिणीने भावासाठी घास ठेवू नये, असे त्यांनी सांगितलेले नाही. कावळा यायला कधी कधी वेळ लागतो. लोक पांगले तरी तिच्याजवळ एकाने थांबावे.